मयूच्या चांगल्या पायाचं ऑपरेशन

"आई, पाय! आई वं, माहा पाय!"

एवढंच आयकू आलं मले. चुलीवर भात होता, तो तसाच टाकून मी आंगनात धावली. पाहतो त पोरगी भुईवर आडवी, तोंड पांढरंफट्ट, आन डावा पाय असा बाहेरच्या अंगाले वळून पडलेला का जसा कोन्या दुसऱ्याचाच आनून ठेवला. माही सासू, आमी सारे तिले बाई म्हनतो, ती मांडवाच्या खांबाले धरून उभी. तिच्या एका पायात चप्पल नाई. तिनंच आत्ता तो पाय मयूच्या गुडघ्यावर ठेवला होता.

"उठ न मयू, उठून त पाह," म्हनून मी तिच्या काखेत हात घातला, त अशी किंचाळली का गल्लीतले कुत्रे भुकाले लागले.

"काही नाई होत," बाई म्हने, पन खांब सोडला नाई तिनं. "लचक उतरून राह्यली. उतरताना दुखतेच."

"बाई, पाय पाहा न तिचा! पाय फिरला!"

बाई पायाळू आहे. म्हंजे जलमताना तिचे पाय आधी आले. अशा मानसाचा पाय लागला का लचक, उसन, पाठीतली चमक निघून जाते असं आमच्या इकडे मानतेत. सकाळी-सकाळी लोक येतेत, आंगनात उपडे पडतेत, बाई पाय लावते, चहा पितेत आन सरळ चालत जातेत. मी माह्या डोळ्यानं पाह्यलं आहे. म्हनून कोनाले दोष देऊन नाई राह्यली मी. तुमीबी तेच केलं असतं.

मयूच्या बाबाले फोन लावला, बंद. ते मोहर्लीले जिप्सी चालवतेत, पाहुन्याइले वाघ दाखवतेत. जंगलात फोन नेऊच देत नाई. मंग मी रस्त्यावर जाऊन बोंबलली. शेजारचे भाऊ आले, अजून दोघं-तिघं आले, बाज आनली, पोरीले बाजेवर घेतलं. उचलताना एक जन हासला, "वहिनी, का खाऊ घालता गा हिले?" त्याच्या मनात काही नव्हतं, त्यानंच मंग बाजेचा जड कोपरा धरला सडकेपर्यंत. पन ते वाक्य मले इंजेक्शनसारखं घुसलं. एकशे आठची गाडी आली, आन मी पायात चप्पल न घालता गाडीत बसली हे मले दवाखान्यात गेल्यावर समजलं.

लाल रेघ

मी सातवी शिकली. हे लिहून राह्यली ते वॉर्डातल्या सिस्टरनं सांगितलं म्हनून. म्हने, "मयूची आई, तू सांगशीन त बाकीच्या मायाइले समजन. आमी सांगतो त त्या माना डोलावतेत आन घरी जाऊन विसरतेत." म्हनून जसं बोलतो तसंच लिहिलं. चुकलं असन त समजून घ्या.

आमचं गाव वडश्याच्या इकडे, तलावावर. आमी मासोळीवाले, उलशीक धानाचं वावर आहे. मयू जलमली त एवढुशी होती, कोंबडीच्या पिल्लावानी. अंगनवाडीच्या ताईनं वजन केलं का तिचा टिपका लाल रेघेखाली पडे. लाल रेघ म्हंजे कुपोषित. ताई सगळ्यांसमोर म्हने, "हिले खाऊ घाला, हिचं काही खरं नाई." माह्या कानाचे पाळे तापत. मी एकोनीस वर्साची होती, दूध पुरे येत नव्हतं, लोक माह्याकडे असे पाहत का मीच पोरीचा घास खाऊन टाकते.

मंग बाईनं पदर खोचला. भात शिजवून त्यात तेल-साखर, वरून अंडं. आजारी पडली का दुप्पट. अंगनवाडीतून सुटेपर्यंत पोरगी अशी भरली, अशी भरली! बाजारात बाया थांबून गाल ओढत. बाई फुगे, "माही नात आहे. लाल रेघेत होती हे!" मलेबी बरं वाटे. मी जिंकली असं वाटे.

त्यानंतर तलावाच्या पारीवर, म्हंजे बांधावर, वाघ दिसला. एकदा नाई, घडीघडी. लेकराइले घराबाहेर सोडनं बंद झालं. शाळेतून आली का मयू घरात, हातात मोबाईल, बाजूले कुरकुऱ्याचं पाकीट. रडे नाई, पडे नाई, वाघाच्या तोंडी जाये नाई. मले तेवढंच पाहिजे होतं. शाळेत पोट्टे ढोली म्हनत. ती घरी येऊन रडे, आन बाई तिचं रडू थांबवाले अजून एक पाकीट फोडे.

मले वाटे, अंगानं भरलेलं लेकरू म्हंजे आतून मजबूत. मोटं अंग, मोटे हाडं. हे कोनी शिकवलं नव्हतं. आमच्या घरात सारेच तसं समजत.

गुडघा

पाऊस सरला तवापासून ती लंगडे. "आई, गुडघा दुखते." कधी दुखे, कधी नाई. पाय बाहेरच्या अंगाले टाकून चाले, बदकावानी. आमाले वाटे, जाड आहे म्हनून तशी चालते.

मोहाचं तेल लावलं. निरगुडीचा पाला बांधला. बाजाराच्या गावी एका डॉक्टरले दाखवलं, त्यानं गुडघ्याचा एक्सरे काढला, म्हने गुडघा एकदम चांगला आहे, वजन कमी करा. गोळ्या दिल्या. गोळ्या खाल्ल्या का बरं वाटे. मंग शाळेचे सर म्हनत, खेळाच्या तासाले बहाने करते. मीबी एकदा तिले रागावली, "मोबाईल पाहताना दुखत नाई का व तुहा गुडघा?" ती गुडघ्यावर हात ठेवून बसली.

आन बाई अधूनमधून पाय लावे. मयूले गुदगुल्या होत, ती हासे. त्या दिवसापर्यंत हासे.

ज्या दिवशी समजलं

आधी जवळचा दवाखाना, तिथून पुढं चंद्रपूरचा मोठा. रस्त्यात गाडी गड्ड्यात गेली का मयू माहा दंड चावे. बाई सामने बसून सारा रस्ता पदराचं टोक पिळत होती.

तिथी एक पोरगीच डॉक्टर होती, माह्यापेक्षा एखांद-दोन वर्सानं मोठी असन. तिनं मयूले इचारलं, "कुठं दुखतं बाळा?" मयूनं गुडघा दाखवला. डॉक्टरनं गुडघ्याले हातबी नाई लावला बराबर. तिनं कंबरेच्या खाली, मांडीच्या जोडाजवळ हळूच हात ठेवला, आन मयू थरथरली.

"गुडघ्याचा फोटो आहे आमच्याजवळ," मी म्हनली. "गुडघा चांगला आहे म्हने."

"गुडघा चांगलाच आहे, ताई. दुखनं वरून येतं आन गुडघ्यात जानवतं. खुब्याचा फोटो काढू."

फोटो आला. तिनं मले उजेडावर धरून दाखवला. मले का समजते त्यातलं! पन दोन्ही बाजू सारख्या नव्हत्या एवढं समजलं. मांडीच्या हाडाच्या वर एक गोल गोळा असते. वाढत्या वयात तो गोळा आन हाड यांच्या मधात कच्ची जागा असते, तिथूनच लेकरू उंच होते. त्या कच्च्या जागेवर रोज जास्त भार पडला का गोळा सरकाले लागते. हळूहळू, महिनोन्महिने. आन एक दिवस एकदम. डोक्यावरच्या पान्याच्या गुंडावरून वरचा गडवा घसरावा तसा, मी मनात म्हनली.

"म्हंजे पाय मोडला का?"

"मोडल्यासारखंच समजा. आता हिले बिलकुल उभं करायचं नाही. संडासलेही नाही. स्क्रू टाकून गोळा आहे तिथं पक्का करावा लागेल, लवकर. उशीर झाला तर गोळ्याचं रक्त बंद होऊ शकतं."

मंग मले इचाराचंच होतं. बाई दाराबाहेर बाकड्यावर होती, म्हनून मी आवाज बारीक केला. "मॅडम, आमच्या सासूनं पाय ठेवला होता गुडघ्यावर. त्यानं झालं का?"

डॉक्टरनं पेन खाली ठेवला. "ठेवायला नको होता. पण हे आज झालेलं नाही. ते कधीपासून सरकत होतं. शाळेच्या पायरीवर झालं असतं, मोरीत झालं असतं. त्यांना एवढंच सांगा, का आता पुन्हा कोनी पाय लावू नका."

"आन खाऊ घातलं म्हनून?"

"वजन मोठं कारन आहे, ताई. रक्तात डी व्हिटामिनही कमी निघनार, बघा तुमी, ऊन लागत नसेल तिला."

ऊन! उन्हाळ्यात टीव्हीवर चंद्रपूरचं नाव येते उन्हासाठी. आन माह्या पोरीले ऊन लागलं नाई म्हने. मी हासली का रडली मले आठवत नाई.

बाहेर येऊन बाईले म्हनली, "डॉक्टर म्हनते तुमच्यानं नाई झालं."

बाईनं माह्याकडे पाह्यलं. "अर्धंच सांगून राह्यली न तू?"

"हव."

"मंग अर्धं राहू दे," ती म्हनली, आन चप्पल नसलेला पाय दुसऱ्या पायाखाली लपवला.

वॉर्ड

पायाले वजन बांधून पोरीले निजवलं. उठाचं नाई. सारं जागेवरच. संडासाचं भांडं सारताना मी एकटी उचलू नाई शकत होती तिले, सिस्टर येये, मावशी येये, पडदा ओढे. मयू डोळे घट्ट मिटून घे. "आई, साऱ्याइले माहीत पडते न मी जड आहे." मी का सांगू? मी म्हनली, "सिस्टरनं याच्याहून जड मानसं उचलले." सिस्टर लगेच म्हने, "हव, कालच एका हवालदाराले उचललं, तो त गुदगुल्या होतेत म्हनून हासतबी होता." मयूनं एक डोळा उघडला.

बाजूच्या खाटेवर एटापल्लीकडची एक माय होती. तिचं पोरगं चिचेच्या झाडावरून पडून हात मोडून आलं होतं. ते पोरगं असं, का बरगड्या मोजून घ्या. ती माडिया आदिवासी, मराठी थोडीथोडी बोले. पह्यल्या दिवशी ती मयूकडे पाहतच राह्यली, मंग मले म्हने, "तुहा पोरगी बेस खाते. माहा काही खात नाई." आन मी तिच्या पोराकडे पाहून राह्यली होती का हा कसा झाडावर चढते, कसा धावते! दोघीइले एकमेकीचं लेकरू पाहिजे होतं त्या घडीले.

तिनं मले येर म्हंजे पानी हे शिकवलं. ती येर म्हने का मी नळावर जाओ, मी पानी म्हनली का ती जाये. मयूचे केस ती विंचरून दे, बारीक बारीक वेण्या घालून. दवाखान्यात असं कोनी मिळालं का भेव अर्धं होते. औषधाहून जास्त काम करते ते.

पह्यल्यांदाच मयूच्या ताटात उलसाच भात आला. ती ताटाकडे पाहे, माह्याकडे पाहे. बाईनं पदरातून बिस्कुटाचा पुडा काढला, सिस्टरनं पाह्यलं. "आजी, तो पुडा मले द्या. मले भूक लागली." बाईनं देऊन टाकला. सिस्टर साऱ्या वॉर्डासमोर उभ्यानं बिस्कुट खात गेली, मंग दुसरा पुडा बाईनं आनला नाई.

दुसरा पाय

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मोठे डॉक्टर आले. वयस्कर, बोलनं सावकाश. त्याइनं मले बाजूले बोलावलं.

"डावा पाय तर करायचाच आहे. त्यात विचारायचं काही नाही. पण माझ्या मनात उजव्या पायालाही एक स्क्रू टाकून घ्यावा असं आहे."

"उजवा त चांगला आहे, साहेब."

"आज चांगला आहे. हिचं वय लहान आहे, वजन तेच आहे. अशा लेकरांचा दुसरा खुबाही सरकतो, काहींचा. साऱ्यांचा नाही. एकाच बेहोशीत दोन्ही होतील. नाही टाकला तरी चालेल, पण मग नेमानं फोटो काढायला यायचं, आन जरा लंगडली, जरा गुडघा दुखला, का त्याच दिवशी इथं. दोन्ही रस्ते बरोबर आहेत. तुम्ही ठरवा. दुपारपर्यंत सांगा, म्हणजे तयारी करता येईल."

ठरवा म्हने! आजपर्यंत मी घरी भाजी कोनती ते ठरवत होती.

फोन लावला, बंद. मयूचे बाबा भरतीच्या रात्री पोरीले पाहून गेले होते, पन कामावर परत जा लागलं; मोहर्लीच्या गेटवरच्या त्याइच्या दोस्ताले लावला. "वहिनी, भाऊ सकाळच्या फेरीले आत गेला, त्याच्या पाहुन्याइनं दिवसभराची गाडी केली. सांजी निघन बाहेर." सांजी! मी म्हनली, भाऊ, वाघापेक्षा मोठं काम आहे. तो म्हने, मी निरोप ठेवतो, याच्याहून जास्त काही नाई करू शकत.

बाई तापली. दवाखान्यात आल्यापासून तोंडाले कुलूप होतं, ते तेव्हा उघडलं. "चांगल्या पायाले छेद? चांगला पाय कोनी कापते का वं? त्या डॉक्टरले हात साफ कराचा असन. एक पाय गेला, आता दुसऱ्यातबी लोखंड. उद्या लगन जमवाले गेलो त का सांगू? पोरगी गोरी आहे, शिकली आहे, आन दोन्ही पायात खिळे आहेत?"

"बाई, हळू बोला."

"काऊन हळू? नात माही आहे."

"आन पोरगी माही आहे."

हे मी पह्यल्यांदा म्हनली तिले.  एटापल्लीची माय लेकराच्या तोंडात घास धरून थांबली.

मी जिन्यात जाऊन बसली. एकीकडून वाटे, बाई खरं सांगते. चांगल्या अंगाले काऊन हात लावाचा? बेहोश करताना जड लेकराले जास्त सांभाळा लागते हे मी सिस्टरच्या तोंडून आयकलं होतं. जास्त वेळ बेहोश, जास्त भेव. दुसरीकडून गावचा नाला दिसे. पावसाळ्यात नाला भरला का आमचं गाव तुटते, कधी सांजवरी, कधी अजून जास्त. बाजेवर नेऊन सडकेले लावाले सडकच नसते. लंगडली का त्याच दिवशी इथं, म्हने. कशी आनू त्याच दिवशी?

मी साहेबाले जाऊन गाठलं. "साहेब, तुमची पोरगी असती त?"

ते थांबले. "मी टाकला असता," म्हने. "पण माझं घर दवाखान्याच्या बाजूला आहे, तरीही टाकला असता. आणि एक सांगतो, मी टाकला असता म्हणून तुम्ही टाका असं नाही. चांगल्या पायालाही इन्फेक्शन होऊ शकतं. ते खोटं बोलणार नाही मी."

असे डॉक्टर चांगले का वाईट? कधी कधी वाटे, त्याइनं आर्डर दिली असती त बरं झालं असतं.

शेवटी मी मयूजवळ गेली. दहा वर्साच्या लेकराले का इचाराचं, लोक म्हनतीन. पन पाय तिचे होते. मी सारं सांगितलं, काही लपवलं नाई. ती छताकडे पाहत राह्यली.

"दोन्ही पाय एकाच बारीले करतीन का?"

"हव."

"मंग झोपूनच असीन न मी?"

"हव, तुले काही समजनार नाई."

"आन नाई केला, आन मंग सरकला, त पुन्हा असंच दुखन?"

मी मान हालवली.

"मंग एकाच बारीले कर. मी पुन्हा त्या गाडीत नाई बसत, आई."

मी गेली आन अंगठा नाई, सही केली. दोन्ही पायासाठी.

सांजी मयूच्या बाबाचा फोन आला. सारं आयकून घेतलं. "चांगला पाय, शालू? मले न इचारता?" मी म्हनली, "कोनाले इचारू? वाघाले?" त्याइनं फोन ठेवला. पन सकाळी पह्यल्या गाडीनं आले, पोरीचा हात धरून ऑपरेशनच्या दारापर्यंत गेले, माह्याशी नाई बोलले.

दाराबाहेर

त्या दाराबाहेर तिघं बसलो, तिघंबी वेगळ्या दिशेले पाहून. किती वेळ गेला सांगता येत नाई. मदात एकदा बाई उठली, चहा आनला, पह्यला कप मले दिला. आपल्या पोराले नाई, मले. एवढंच.

मयू बाहेर आली त ओठ सुकलेले, डोळे अर्धे. मी वाकली. ती काय म्हनली माहीत आहे? "आई, भात आहे का?" तिचे बाबा इतके हासले, का हासता हासता भिंतीकडे तोंड करून उभे राह्यले.

घरी

घरी आल्यावर सोपं होतं असं नोका समजू. पाय टेकवाचा नाई, मंग वॉकर, मंग कुबड्या. मयू वैतागे, कुबडी फेके. आमी दोघं नवराबायको एका घरात राहून किती दिवस कामापुरतंच बोलत होतो. ते म्हनत राग नाई, पन होता.

खान्याचं सगळ्यात कठीन. आमच्या इकडे भात म्हंजेच जेवन. ताटात भात कमी दिसला का बाईचा जीव कासावीस होये, तिले लाल रेघ आठवे. "उपाशी ठेवते वं पोरीले!" आमी भांडलो, रडलो. मंग दवाखान्यातल्या आहारवाल्या मॅडमनं बाईलेच बोलावून सांगितलं, का भात अर्धा करा, मासोळी दुप्पट करा. बारक्या मासोळ्या, काट्यासकट, वाळवलेल्याबी चालतीन. मुनग्याचा, म्हंजे शेवग्याचा, पाला, तीळ, अंबाडी, दही. तेलात तळू नोका. बाई घरी आली त तिचा चेहरा बदलला होता. तलाव त तिचाच होता न! आता ती स्वतः मुनगा खुडे, मासोळी चुलीवर भाजे, आन पाकीट घेऊन कोनी पाहुना आला त दारातच घेऊन ठेवे, "आमच्या घरी हे चालत नाई."

सकाळचं कवळं ऊन पडलं का मयूले आंगनात बसवत होतो. डॉक्टरनं हो म्हनल्यावर पोहाले सुरवात झाली. पान्यात पायावर भार येत नाई. मासोळीवाल्याची पोरगी, आन तिले पोहता येत नव्हतं, वाघाच्या भेवानं आमी पान्यात जाऊच दिलं नव्हतं! आता चांगलं दिवस वर आल्यावर, मानसं जाळं टाकत असतेत तवा, तिचे बाबा सुट्टीच्या दिवशी तिले घेऊन उतरतेत. बाकीच्या दिवशी बाई पारीवर काठी घेऊन बसते, वाघ आला त जसं काही तीच त्याले हानन. पह्यल्यांदा मयू पान्यात पाठीवर तरंगली आन ओरडली, "आई, मी हलकी झाली!"

वजन हळूहळू उतरून राह्यलं. मदात एकदा चढलंबी, दिवाळीत. पुन्हा उतरवून राह्यलो. शाळेत एका पोरानं तिले लोखंडवाली म्हनलं, त मयू म्हने, "हव, म्हनून मले धक्का देऊ नोको, तुहेच हाडं मोडतीन." सरच हासले. आता ती सरळ चालते. डावा पाय उलसाक आखूड वाटते मले, डॉक्टर म्हनते तेवढं चालते. दुरून पाहनाऱ्याले समजत नाई.

बायाइनो, माहं एकच आयका. लेकरू गुडघा दुखते म्हनून लंगडत असन, पाय बाहेर टाकत असन, त गुडघ्याच्या फोटोवर समाधान मानू नोका. खुब्याचाबी फोटो काढा म्हना. मालिश नोको, पाय लावनं नोको, ओढताण नोको. आन लेकराले बहाने करते म्हनून रागावू नोका.

बाकी सारं बरं आहे. एकच गोष्ट मनातून जात नाई. मयूच्या दोन्ही मांड्यांवर बारीक वण आहेत. डाव्या वणाचं कोनी काही म्हनत नाई. उजव्याकडे पाह्यलं का मयूचे बाबा अजूनबी उठून बाहेर जातेत. थंडीत कधी कधी मयू म्हनते, "आई, हा चांगलावाला दुखते." खराब पाय नाई दुखत तिचा, चांगलाच दुखते. मंग मी मोहाचं तेल गरम कराले उठतो आन मदातच थांबतो. डॉक्टरनं फोटो पाहून सांगितलं, काही नाई, स्क्रू जागेवर आहे, थंडीत असं होते. गेल्या पावसाळ्यात नाला भरला, गाव तुटलं, सडक पान्याखाली गेली. मयू घरात बसून भेंडी निवडत होती, दोन्ही पाय पसरून. मी दारात उभी राहून पान्याकडे पाहत होती, आन तिच्या पायाकडे.

तो पाय सरकला असता का नसता, हे आता कोनालेच समजनार नाई. डॉक्टरलेबी नाई. मी पोरीले वाचवलं का चांगल्या पायाले फुकटचा छेद दिला, हे मले सांगनारं कोनी नाई. आता तो दिवस डोळ्यासमोर आना: नवरा जंगलात, सासू नाई म्हनते, डॉक्टर म्हनते दोन्ही रस्ते बराबर, आन दुपारपर्यंत सांगाचं आहे.

खरं सांगा, तुमी त्या जिन्यात बसल्या असत्या त काय केलं असतं?